कोटावर सांडलेली आमटी

हळदीच्या डागाला साबण लावू नये. लावला की डाग लाल होतो. बाई घाबरून आणखी साबण लावते आणि तो आणखी लाल होतो. तुपाच्या डागावर ज्वारीचं पीठ दाबून ठेवावं. चहाचा डाग ओला असेपर्यंत गार पाण्यात बुडवावा, वाळला की तो चहा त्या कपड्याचाच झाला. कैरीचा चीक जात नाही, त्याच्या नादी लागू नये. विड्याचा कात बसला तर तो कपडा घरात वापरायला काढावा आणि विसरून जावं.

मी चौथीपर्यंत शिकले. शाळेत यातलं काही शिकवलं नाही. घरात कोणाच्या कपड्यावर काही सांडलं की मला विचारतात, मी सांगते. तुम्हाला हे कसं कळलं, असं कोणी विचारत नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. आता ज्यांना लाज वाटेल ते कोणी उरलेले नाहीत, म्हणून लिहिते.

मध्यभारत राज्य मोडलं त्या साली, म्हणजे छप्पन्नला, मी वीस वर्षांची होते. उज्जैनला जुन्या शहरात आम्ही भाड्यानं राहत होतो. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर छत. घरात तीन माणसं: सासूबाई, हे आणि मी. सासरे दरबारच्या दफ्तरात कारकून होते. त्यांचे वडीलही तिथेच. संस्थान गेलं तेव्हा सासऱ्यांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत जाऊन बसले, कारण पाटी बदलली होती, खुर्ची तीच होती. ते वारल्यावर हे त्याच दफ्तरात लागले. आठ वर्षांत ती नवी पाटीही उतरायची वेळ आली. राजधानी भोपाळला होणार, दफ्तर तिकडे जाणार, कोणाचा तबादला होणार आणि कोण इथेच राहणार, हीच गोष्ट मोहल्ल्यात सकाळपासून चालायची.

यांचा तबादला पक्का होता. प्रश्न जागेचा होता. भोपाळला सरकारी क्वार्टर थोडे आणि बाबू ढीगभर. ज्याला क्वार्टर मिळेल तो बायको घेऊन जाईल, बाकीचे चौघं-चौघं एका खोलीत राहतील, असं ठरल्यासारखं झालं होतं.

भाद्रपदात एकदा हे जेवता जेवता म्हणाले, "जागा मिळाली तर तू चल."

तीन वर्षांत जेवताना हे माझ्याशी मिठाबद्दल बोलले होते, नाहीतर ताकाबद्दल. मी म्हटलं, "आणि आई?"

"मावशी येते म्हणाली आईच्या सोबतीला. मी पत्र टाकलं होतं."

म्हणजे यांनी विचार केला होता. मला न सांगता पत्रही टाकलं होतं. मला भोपाळ बघायची हौस नव्हती. मला एक स्वयंपाकघर हवं होतं, जिथे पाठीमागून कोणी "शिवशील!" म्हणून ओरडणार नाही. आदल्या वर्षी मला मुलगा झाला होता, तो अकरा दिवस जगला. त्याच्या सुतकानंतर मी पहिल्यांदा चुलीपाशी गेले तेव्हा सासूबाईंनी मला तीनदा आंघोळ करायला लावली होती. तीनदा का, ते मला अजून माहीत नाही.

सासूबाई वाईट नव्हत्या. हे मी आधीच लिहून ठेवते, नाहीतर वाचणारा त्यांना वाईट ठरवून मोकळा होईल. त्या सोवळ्याच्या होत्या. ओलं नेसून वाळवलेलं लुगडं, त्यातच स्वयंपाक, त्यातच देव. त्या लुगड्याला धोब्याकडचा कपडा लागला, अंथरूण लागलं, शेजारीण लागली, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. छतावर दोन दोऱ्या होत्या आणि दोन्ही सोवळ्याच्या. बाकीचे कपडे मागच्या बोळात वाळायचे. तिथे एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची भिंत आणि वर कडुलिंब. ऊन तिथे वाट चुकूनसुद्धा यायचं नाही.

दफ्तरातले मोठे साहेब आपले होते, म्हणजे मराठी, दरबाराच्या वेळेपासूनचे. त्यांची माधवनगरात कोठी होती. ते भोपाळला आधीच जाऊन आले होते, आणि क्वार्टरच्या यादीत त्यांचा शब्द चालत होता. दसऱ्याला चार दिवस ते उज्जैनला येणार होते. त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं, दसऱ्याला सोनं द्यायला या, तेव्हा जागेचं बोलू.

आमच्या लोकांत एक रीत होती. दरबारच्या नोकरीतून आली असेल. वरिष्ठांकडे जायचं तर बंद गळ्याचा कोट आणि टोपी हवी. नुसत्या सदऱ्यावर साहेबासमोर जाणं म्हणजे उघड्यानं गेल्यासारखं. यांच्याकडे कोट एकच, पांढऱ्या ड्रिलचा, सासऱ्यांचा उसवून यांच्या मापाचा केलेला. नवरात्र बसायच्या आधी धोबिणीकडे देऊन, खळ लावून, इस्त्री करून आणून ठेवला. नवरात्रात आमच्याकडे धोबिणीला कपडे जात नसत आणि येतही नसत. म्हणून आधी आणला. इतका विचार करून आणला.

आणि तो कुठे टांगला, तर स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधल्या बोळवजा जागेत, खुंटीला. दुसरी खुंटी मोडली होती.

पंचमीच्या दिवशी नैवेद्याचा स्वयंपाक होता. मी सोवळ्यात होते. आमटीची तपेली सांडशीत धरून देवघराकडे निघाले. आमटी चुलीवरून नुकतीच उतरलेली, चिंचगुळाची, वर फोडणीचा तवंग. मी त्या बोळात शिरले आणि मागून सासूबाई ओरडल्या, "अगं कोट! शिवशील! शिवशील!"

धोबिणीकडून आलेला कोट म्हणजे ओवळा. मी त्याला शिवू नये म्हणून अंग चोरलं, भिंतीला लागले, हात वर गेला आणि तपेली कलली. मी कोटाला शिवले नाही. आमटी शिवली. छातीपासून खालच्या खिशापर्यंत. उरलेली माझ्या पायावर.

मी "आई गं" म्हणून खाली बसले. सासूबाई धावत आल्या, लांब उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "धार तुटली होती का?"

"काय?"

"अगं, तपेलीतून कोटावर पडली तेव्हा धार अखंड होती की तुटली होती? अखंड असेल तर ओवळं वर चढून तपेलीतली गेली सगळी. तुटली असेल तर नैवेद्याला चालेल."

माझ्या पायाला फोड येत होता. मी म्हटलं, "तुटली होती." खरं म्हणजे मी बघितलंच नव्हतं. देवीनं ती आमटी खाल्ली.

कोट तसाच टांगलेला. मी सोवळ्यात, म्हणून त्याला हात लावायचा नाही. स्वयंपाक पुरा करून, नैवेद्य होऊन, आरती होऊन, यांची जेवणं, सासूबाईंची जेवणं, मग माझं. तेवढा वेळ आमटी कोटात मुरत होती आणि मी पोळ्या लाटत होते. हे जेवायला आले तेव्हा त्यांनी कोट पाहिला. पाटावर बसले, जेवले, उठताना म्हणाले, "निघेल ना?"

मी म्हटलं, "निघेल."

दुपारी सोवळं सोडून मी कोट मागच्या मोरीवर नेला. तोपर्यंत डाग वाळून कडक झाला होता. मी साबणाची वडी घेतली आणि जोर लावून घासला. डाग लाल झाला. आमटीचा पिवळा डाग होता, तो बघता बघता कुंकू सांडल्यासारखा झाला. मला वाटलं माझ्या हातातून रक्त येतंय. हात बघितला, नव्हतं. मी सोडा घातला. जास्तच लाल झाला.

तेवढ्यात आमची धोबीण बोळाच्या तोंडाशी आली. नवरात्रात कपडे नसले तरी ती वाढलेलं न्यायला यायची. वयानं सासूबाईंएवढी, आणि सगळ्या मोहल्ल्यात कोणाची चादर कशामुळे मळली हे तिला ठाऊक. कोट बघून ती हसायला लागली.

"अरे बहूजी, ये क्या कर डाला? हल्दी पे साबुन? किसने सिखाया?"

"आग लगे सिखानेवाले को," मी म्हटलं. "अब बता, क्या करूं."

"करना क्या है। नींबू लगाओ, लाली उतर जाएगी। फिर गीला-गीला धूप में डाल दो। सूखे तो फिर पानी मारो। हल्दी को साबुन नहीं खाता, धूप खाती है। क्वार की धूप है, तीन दिन में चाट जाएगी।"

क्वार म्हणजे आपला आश्विन. मी लिंबू आणून चोळलं. लाल उतरलं, पुन्हा पिवळं झालं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

"मुझे दे दो," ती म्हणाली. "घाट पे डाल दूंगी। परसों ले लेना।"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "नवरात्रात धोब्याला कपडा जायचा नाही हं या घरातून!"

धोबिणीनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "सास के कान हैं कि बाजार का भोंपू?" आणि गेली.

मी आत जाऊन विचारलं. अजून आठवतं, पदर सारखा करून विचारलं, जसं काही मोठं मागायला आलेय. "अहो आई, कोट छतावर घालू का? तीन दिवस ऊन मिळालं तर निघेल, धोबीण म्हणते."

"छतावर? सोवळ्याच्या दोरीवर?"

"दोरीवर नाही. कठड्यावर टाकते."

"खरकटं लागलेला, ओवळा कपडा, नवरात्रात, जिथे देवाचं वस्त्र वाळतं तिथे? वाऱ्यानं उडून लागला म्हणजे? माझे नऊ दिवस तू फुकट घालवणार का?"

"बाहेर ओट्यावर घालू?"

"घाल की. सगळ्या गावाला दाखव, सून कशी वाढते ते."

त्यांना मला भोपाळला जाऊ द्यायचं नव्हतं, असं मी काही वर्षं मनात धरलं होतं. ते खरं नाही. कोट, साहेब आणि क्वार्टर यांची सांगड त्यांच्या डोक्यात नव्हतीच. त्यांना नऊ दिवस पार पाडायचे होते. त्या जागी कोणाचाही कोट असता तरी त्यांनी हेच सांगितलं असतं. त्यांच्यावर राग धरायला मला जागाच राहिली नाही, हे जास्त वाईट.

मग मी बोळात काय काय केलं ते लिहिते. लिंबू आणि मीठ. आंबट ताकात रात्रभर. मुलतानी मातीचा लेप. तांदळाचं पीठ, तवंगाचं तेल शोषावं म्हणून. रिठ्याचं पाणी. प्रत्येक वेळी वाळवायला तोच बोळ. कोट तिथे दीड दिवस वाळायचा आणि वाळताना त्याला कुबट वास लागायचा. सकाळी थोडा वेळ माजघराच्या खिडकीत हातभर ऊन यायचं. मी तिथे कोटाची छाती धरून उभी राहायची, दोन्ही हातांनी, ऊन सरकेल तशी सरकत. तेवढ्यानंही थोडं फिकं झालं. म्हणजे धोबीण खरं सांगत होती. डोक्यावर सगळं छत उन्हानं भरलेलं होतं आणि मी खिडकीशी चपातीएवढ्या उन्हात कोट फिरवत होते.

अष्टमीला सासूबाई देवीच्या दर्शनाला गेल्या. गर्दीत लाइन लावून यायचं म्हणजे दुपार होणार. हे दफ्तरात. घरात मी एकटी. मी कोट भिजवला, पिळला, खांद्यावर टाकला आणि जिना चढायला लागले.

जिना अंधारा होता. वरचं दार उघडं होतं, त्यातून ऊन पायऱ्यांवर पडलं होतं. शेवटच्या तीन पायऱ्या राहिल्या तेव्हा मी थांबले. दोरीवर सासूबाईंचं सोवळं वाळत होतं, वारा नव्हता, ते हलतसुद्धा नव्हतं. कठडा रिकामा. कोणी बघत नव्हतं. शेजारच्या छतावरही कोणी नव्हतं. मला फक्त तीन पायऱ्या चढून कोट टाकायचा होता, आणि दुपारी परत आणायचा होता. कोणाला कधी कळलं नसतं.

मी तिथे किती वेळ उभी होते सांगता येत नाही. खांद्यावरच्या कोटाचं पाणी चोळीत उतरत होतं. मग मी खाली आले आणि कोट बोळात घातला.

का आले? पाप लागेल अशी भीती होती म्हणावं, तर ती फारशी नव्हती. देवीनं आमटी खाल्लेली मी पाहिली होती. पण पाय वर गेला नाही. तीन वर्षं मला ओरडून ओरडून जे शिकवलं होतं, ते आता ओरडणारी घरात नसतानाही चालत होतं. नंतर आयुष्यात मला लोकांनी पुष्कळ अडवलं. त्या दिवशी कोणी अडवलं नव्हतं.

दसऱ्याला दुपारी मी खळ लावून इस्त्री केली. ओला असताना डाग दिसत नव्हता, मला वाटलं जमलं. इस्त्रीखाली कोट वाळला तसा तो उठून आला. फिकट पिवळा, तळहाताहून मोठा, आणि कडेला चिंचगुळाची तपकिरी रेघ, नकाशावर नदी काढतात तशी. मी त्यावर खडू घासला. खडू झटकला की पुन्हा दिसायचा.

संध्याकाळी हे टोपी घालून तयार झाले. ताटात आपट्याची पानं ठेवलेली. मी कोट पुढे केला. यांनी तो उजेडाकडे धरला.

"हा घालून जाऊ?"

मी म्हटलं, "उपरणं घ्या वरून. झाकेल."

"आणि सोनं द्यायला वाकलो की?"

"मग कोणाचा तरी मागून आणा."

"मागून आणलेला कोट घालून क्वार्टर मागायला जाऊ? सगळं दफ्तर असेल तिथे. एकएक जण ओळखेल कोट कोणाचा ते."

"नुसत्या सदऱ्यावर जा. जागेचं काम आहे. जा ना हो."

मी यांना कधी "जा ना हो" म्हटलं नव्हतं. यांनी माझ्याकडे बघितलं. वाटलं, जातील. मग यांनी टोपी काढून कोनाड्यात ठेवली, आईला सोनं दिलं, शेजारच्या दोन घरी सदऱ्यावर जाऊन आले आणि आठ वाजता जेवायला बसले. मी वाढलं. सासूबाई म्हणाल्या, "यंदा नवरात्र निर्विघ्न झालं बाई."

यादीत यांचं नाव नव्हतं. हे दिवाळी करून भोपाळला गेले, तिघांबरोबर एका खोलीत. मावशीचं आलेलं पत्र तसंच राहिलं. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षी सासूबाई मोरीत पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. मग त्या उठल्याच नाहीत आणि मी त्यांना सोडून जाण्याचा प्रश्न संपला. हे वर्षातून दोनदा यायचे, पाहुण्यासारखे, पिशवी घेऊन. मला मूल झालं नाही पुन्हा.

तिसऱ्या संक्रांतीला यांच्या दफ्तरातल्या एकाची बायको माहेरी उज्जैनला आली होती. तिला क्वार्टर मिळालेला. हळदीकुंकवाला आमच्याकडे आली आणि भोपाळच्या तळ्याचं, क्वार्टरच्या नळाचं बोलत बसली. मी विचारलं, "तुमचे हे त्या दसऱ्याला साहेबांकडे कोट घालून गेले होते का हो?"

"कुठला कोट? अहो, अर्ध्या बाहीच्या सदऱ्यावर गेले. मीच ओरडत होते. आणि साहेब? साहेब नुसत्या गंजीफ्राकवर बसले होते! मांडीवर नातू, आणि नातवानं वरणभाताचे हात सगळ्या गंजीवर पुसलेले. हे सांगत होते, पिवळीजर्द गंजी घालून साहेब नावं लिहून घेत होते." ती हसत होती. "तुमचे आले नाहीत ना? साहेबांनी विचारलं म्हणे, तो कसा आला नाही."

मी तिला तिळगूळ दिला.

त्या होळीला हे आले तेव्हा मी सांगितलं. वाटलं, चकित होतील. पायातली चप्पल काढता काढता म्हणाले, "हो. ऐकलं होतं."

"कधी?"

"तेव्हाच. दुसऱ्या दिवशी दफ्तरात सगळे तेच सांगून हसत होते."

"साहेब अजून इथेच होते ना तेव्हा?"

"होते दोन दिवस."

"मग दुसऱ्या दिवशी का नाही गेलात?"

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही अडाण्यासारखं विचारलं. "दसरा होऊन गेला होता ना. एकादशीला सोनं कोण देतं?"

मी त्यांना जिन्याचं सांगितलं नाही. सांगायचं म्हणून तोंड उघडलं होतं. पण त्यांनी मला त्यांचं सांगितलं तेव्हा मला कसं वाटलं ते मला कळत होतं, आणि त्यांनाही तसंच वाटावं असं मला वाटलं नाही. की वाटलं, आणि धीर झाला नाही. आता नक्की आठवत नाही.

त्या दसऱ्यानंतर तेरा वर्षांनी सासूबाई गेल्या. मग मी भोपाळला गेले. तोपर्यंत यांना क्वार्टर मिळाला होता, न मागता, नोकरीची वर्षं भरली म्हणून. दोन खोल्या, नळ, आणि समोर मोकळं अंगण, दिवसभर ऊन. पहिल्या दिवशी मी स्वयंपाक केला, ताट वाढलं. हे जेवले, उठले, ताट उचललं आणि नळाखाली स्वतः घासायला बसले.

मी म्हटलं, "राहू द्या. मी आहे ना."

"तेरा वर्षं मीच घासतोय," ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले. ताट पालथं घातलं, हात पुसले आणि पेपर घेऊन बाहेर बसले.

मग मी जेवले आणि माझं घासलं. ते असेपर्यंत, सतरा वर्षं, आमच्यात तसंच चाललं.